डिकीतली स्टेपनी परत द्या: मोटार कंपन्यांना एका गिऱ्हाइकाचं खुलं पत्र

प्रति,
भारतात मोटारगाड्या बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे वरिष्ठ,
आणि स्टेपनीची सक्ती उठवणारे नियमकर्ते यांस

स. न. वि. वि.

गाड्यांच्या डिकीतून तुम्ही स्टेपनी काढून टाकलीत, ती परत द्या, एवढंच या पत्राचं म्हणणं आहे. हेच मी आधी शोरूमच्या मॅनेजरला सांगितलं, मग टोल-फ्री नंबरवर सांगितलं, मग "मॅडम, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?" असं विचारायला फोन करणाऱ्या मुलीलाही सांगितलं. सगळ्यांनी ते नीट लिहून घेतलं. लिहून घेतलेल्या गोष्टी तुमच्याकडे कुठल्या मजल्यावर जातात ते कळायला मार्ग नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. माझ्या गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. घातलं तर बाकीच्या कंपन्या "बरं झालं, आपण नाही त्यात" म्हणून पत्र बाजूला ठेवतील, आणि या प्रकारात तुमच्यापैकी बरेच जण कमी-अधिक सामील आहेत.

आधी नियमाचं बोलू. कारण शोरूममध्ये हा विषय काढला की पहिलं उत्तर मिळतं, "सरकारचाच नियम आहे." तो नियम असा आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर असतील, टायरमधली हवा कमी झाली की चालकाला कळवणारी यंत्रणा असेल आणि सोबत पंक्चर काढायचं किट दिलेलं असेल, तर स्टेपनी देणं बंधनकारक नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ते लागू झालं. ट्यूबलेस टायर आल्यामुळे स्टेपनीची गरज उरली नाही आणि वाचलेल्या जागेत विजेच्या गाड्यांना मोठी बॅटरी बसवता येईल, अशी त्यामागची कारणं सांगितली गेली. म्हणजे नियमाने सक्ती उठवली, बंदी घातली नाही. स्टेपनी द्यायला तुमचा हात कोणी धरलेला नाही, एवढं तरी शोरूममधल्या पोरांना शिकवा.

आता आमच्या रविवारचं सांगते.

जळगावची आत्या हिवाळ्यात आमच्याकडे पुण्याला राहायला आली होती. दिवेआगरचा सुवर्णगणेश तिने फार पूर्वी पाहिलेला. १९९७ साली तिथल्या एका बागेत खणताना तांब्याच्या पेटीत हा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ साली देवळावर दरोडा पडला आणि तो गेला, २०२१ च्या नोव्हेंबरात तो पुन्हा घडवून बसवला. "नवा कसा दिसतो ते एकदा बघायचंय गं," हे आत्याचं पालुपद. म्हणून बेत ठरला. पहाटे निघायचं, ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करत दिवेआगर गाठायचं, दर्शन, जेवण, समुद्रावर पाय भिजवायचे आणि रात्री घरी. दिवेआगरला घरगुती खानावळीत जे जेवलेत त्यांना ठाऊक असेल, तिथं आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, मग माणसं मोजून स्वयंपाक होतो. मी सांगितलं होतं, पाच पानं. उकडीचे मोदक, वालाचं बिरडं, सोलकढी.

गाडी विजेवरची, घेऊन वर्षही झालेलं नाही, आणि चालवत होते मी. मुळशीचं धरण मागं पडलं, ताम्हिणी गाव गेलं, आणि घाटाच्या उताराला एका वळणावर समोरून सहलीची मोठी बस आली. तिला वाट द्यायला मी डावी चाकं डांबराखाली घेतली. साइडपट्टी तिथं वीतभर खचलेली. बस गेल्यावर चाक परत वर चढवताना डांबराच्या धारेने पुढच्या टायरची बगल चिरली. आवाज काही फार मोठा झाला नाही. पडद्यावर गाडीचं चित्र आलं, डावं पुढचं चाक लाल झालं आणि त्याच्याशेजारचा हवेचा आकडा भराभर उतरत गेला. तुमची यंत्रणा चोख चालली, हे मान्य करते. आपला टायर गेला हे आम्हाला तत्काळ, रंगीत चित्रासकट कळलं.

स्टेपनी नाही हे गाडी घेताना सांगितलं नव्हतं का, असं तुम्ही विचाराल. सांगितलं होतं, पण कसं ते ऐका. विक्रेत्याने फायद्यांची यादी वाचली, त्यात सनरूफच्या खालोखाल "पंक्चर रिपेअर किट स्टँडर्ड" असं होतं. काय मिळणार ते वाचून दाखवतात, काय मिळणार नाही ते वाचून दाखवायची पद्धत तुमच्याकडे नाही.

बाबांनी डिकीतल्या पिशव्या बाहेर काढल्या, तळाची फळी उचलली. ते फियाटच्या काळातले. दर सहलीच्या आदल्या रात्री स्टेपनीत हवा आहे की नाही हे अंगठ्याने दाबून बघणारे. फळीखाली काळ्या थर्माकोलसारखा एक साचा, त्यात मुठीएवढा कॉम्प्रेसर, पांढऱ्या द्रवाची एक बाटली आणि एक कागद. कागदावर चार चित्रं आणि खाली "अधिक माहितीसाठी स्कॅन करा". त्या जागी मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे अधिक माहिती काही मिळाली नाही. तरी चित्रं बघून आम्ही बाटली लावली, वायर डॅशबोर्डच्या सॉकेटात खुपसली आणि बटण दाबलं. कॉम्प्रेसर घरघरला. क्षणभर आकडा वर सरकल्यासारखा वाटला, आणि मग बगलेच्या चिरेतून पांढरा फेस बाहेर आला नि उताराने रस्त्यावर वाहायला लागला. माझी मुलगी म्हणाली, "आई, टायरला उलटी झाली."

हे असंच होणार होतं. हे किट कशासाठी असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला, भोक काही मिलिमीटरचंच आहे, तर तो द्रव आत जाऊन भोक बुजवतो, आणि मग बेताच्या वेगाने, साधारण ताशी ८० किलोमीटरच्या आत, तुम्ही पंक्चरवाल्यापर्यंत जाऊ शकता. टायरची बगल फाटली, टायर फुटला किंवा रिम वाकली तर त्या बाटलीचा काडीचा उपयोग नाही. तुमच्याच माहितीपुस्तकात हे छापलेलं असतं. ती बाटली एकदाच वापरायची, तिलाही मुदत असते, आणि वापरून झाल्यावर आतला चिकटा साफ करताना पंक्चरवाला जे बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नसतं. शिवाय ज्या खिळ्याच्या पंक्चरसाठी हे किट आहे, त्या पंक्चरला आपल्याकडे कोपऱ्या-कोपऱ्यावर माणूस बसलेला असतो. स्ट्रिप मारतो, हवा भरतो, चहा होईस्तोवर गाडी मोकळी. म्हणजे जे दुखणं मुळातच किरकोळ होतं त्याचं औषध तुम्ही डिकीत ठेवलंत. खरी पंचाईत होते ती खड्ड्याच्या काठाने, खचलेल्या साइडपट्टीने, रस्त्यात पडलेल्या धारदार दगडाने. त्यासाठी होती ती स्टेपनी.

पुढचा भाग जरा सविस्तर सांगते, कारण माझा मुद्दा त्यातच आहे.

पहिला थांबला तो एक भाजीचा टेम्पो. चालक उडी मारून खाली आला, टायर बघितला आणि म्हणाला, "स्टेपनी काढा ताई, दहा मिन्टांत लावून देतो." मी म्हटलं, "स्टेपनी नाहीये दादा." "नाहीये म्हंजे? घरी ठिवली?" "कंपनीनेच दिली नाही." त्याला ते पटेना. त्याने स्वतः डिकीत वाकून बघितलं, गाडीखाली डोकावून बघितलं, तळाच्या फळीवर बुक्की मारून पोकळ वाजतंय का तेही बघितलं. मग गाडीकडे पुढून मागून एकदा नजर टाकली आणि विचारलं, "केवढ्याला घेतली?" मी आकडा सांगितला नाही.

त्याच्यानंतर चिंचवडचं एक निवृत्त जोडपं थांबलं, मोटारसायकलवरून जाणारी दोन पोरं थांबली, एक दुधाची गाडी थांबली. प्रत्येकाने उतरल्या उतरल्या तोच प्रश्न विचारला. त्यातल्या दोघांनी तो माझ्या नवऱ्याला विचारला, "साहेब, स्टेपनी कुठंय?" साहेबांना गाडी चालवता येत नाही. पण ते असो.

मग टेम्पोवाल्याने डोकं चालवलं. चाकच काढू, माणगावला नेऊ, तिथं टायर बसवून आणू. आता चाक काढायला जॅक लागतो, पाना लागतो. स्टेपनी नाही म्हटल्यावर तुम्ही तेही दिलेलं नाही. टेम्पोचा जॅक आमच्या गाडीखाली शिरेना. चिंचवडच्या काकांची गाडी जुनी, त्यामुळे तिच्यात जॅक होता, पाना होता, आणि हो, स्टेपनीही होती, पण ती आमच्या गाडीला बसणारी नव्हती. पाना मात्र बसला. काकांचा जॅक, टेम्पोवाल्याचा लाकडी ठोकळा आणि रस्त्याकडेचे दगड यांवर गाडी टेकवून चाक निघालं. मग मोटारसायकलवर पुढे एक पोरगा, मागे माझा नवरा आणि मधे आडवं धरलेलं अठरा इंची चाक, अशी वरात घाटाखालच्या विळे गावाकडे उतरली. दुसरा पोरगा आमच्यासोबत थांबला, कारण "बाया-माणसं आन् म्हातारी माणसं घाटात एकटी नको."

माणगावला टायरची दुकानं आहेत. ट्रकचे टायर आहेत, टेम्पोचे आहेत, साध्या मोटारींचे चौदा, पंधरा, सोळा इंची आहेत. आमच्या मापाचा एकाकडेही नव्हता. दुकानदार म्हणाला, "हा साइज पुण्याशिवाय मिळायचा नाही साहेब, आणि आज रविवार." तिथं रेंज होती, म्हणून नवऱ्याने तुमच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन लावला. समोरची व्यक्ती अतिशय नम्र होती. गाडीचा नंबर घेतला, चौकशी केली आणि सांगितलं की गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, तो सांगा. गाडी माझ्या नावावर आहे. माझा मोबाइल माझ्याजवळ होता, मी गाडीजवळ होते, आणि गाडी रेंज नसलेल्या घाटात होती.

नवरा आणि चाक दोघेही हात हलवत परत आले. मग मी त्याच पोराच्या मागे बसून विळ्यापर्यंत खाली गेले, फोन लावला, ओटीपी सांगितला, गाडी कुठे आहे ते सांगितलं. "मॅडम, जवळची खूण सांगा." म्हटलं, डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला डोंगर. "लोकेशन शेअर करता का?" लोकेशन जिथून शेअर करायचं तिथं रेंज नव्हती, आणि जिथं रेंज होती तिथं गाडी नव्हती. ते समजावून सांगण्यात बराच वेळ गेला.

त्यानंतर मी दिवेआगरला फोन केला. पलीकडून खानावळीच्या काकू म्हणाल्या, "कुठवर आलात? मोदक उकडायला ठेवलेत." काय झालं ते सांगितलं. "अगं बाई! असू दे, असू दे, गाडीचं काय सांगता येतं का. माणसं बरी आहेत ना?" पैसे पाठवते म्हटलं तर म्हणाल्या, न जेवता कसले पैसे. मी तरी पाठवले. त्यांनी अर्धे परत पाठवले. तुमच्या सेवेला मी दहापैकी किती गुण दिले ते आठवत नाही, पण गुण कशाला द्यावेत ते मला त्या दिवशी कळलं.

इकडे घाटात टपरीवर आत्याने आयुष्यात पहिल्यांदा मॅगी खाल्ली. तिला आवडली.

उचलून नेणारी गाडी पुण्याहून आली तेव्हा दुपार टळून गेली होती. दोरी बांधून टोचन करून खाली न्यायची सोय नव्हतीच. एक तर पुढचं चाक फाटलेलं, आणि दुसरं म्हणजे विजेच्या गाडीची मोटर ज्या चाकांना जोडलेली असते ती चाकं जमिनीवर फिरवत गाडी ओढू नये, असं तुमचंच पुस्तक सांगतं. अख्खी गाडी उचलून वरच चढवावी लागते. ती चढवली. चालकाच्या शेजारी दोनच माणसं बसतात. आम्ही पाच. सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांना आणि मुलीला घेऊन मी रस्त्यावर उभी राहिले, पुण्याला जाणाऱ्या एसटीला हात केला, आणि एसटी थांबली.

तर माझा मुद्दा असा आहे. आपल्याकडे रस्त्यात गाडी बंद पडली की माणसं थांबतात. सगळी नाहीत, पण थांबतात. त्यांच्या हाताला सवय आहे, दहा मिनिटांत चाक बदलून देऊन चहालाही न थांबता जाणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. बाबांनी स्वतः कितीतरी जणांची बदलून दिली आहेत. ही मदत कोणत्याही कंपनीने उभी केलेली नाही, तिला ओटीपी लागत नाही, रविवारची सुट्टी लागत नाही. तिला फक्त एक वस्तू लागते, ती म्हणजे डिकीतलं पाचवं चाक. ते तुम्ही काढून घेतलंत आणि त्याच्या बदल्यात एक फोन नंबर दिलात. घाटात हात होते, भरपूर होते. रेंज नव्हती. त्या दिवशी आमच्या गाडीभोवती एका वेळी आठ-नऊ माणसं उभी होती, सगळी मदत करायला तयार, आणि कोणाच्याच हाताला करण्यासारखं काही नव्हतं.

तुमची उत्तरं मला माहीत आहेत, कारण ती मला देऊन झाली आहेत. एक म्हणजे जागा आणि वजन. बॅटरीला जागा लागते, हे खरं. पण स्टेपनी नसलेल्या सगळ्याच गाड्या काही विजेच्या नाहीत. पेट्रोलच्या गाडीतूनही ती जाते, तिथं कोणती बॅटरी बसते? आणि वजनाचं म्हणाल तर स्टेपनीचं वजन पंधरा-वीस किलोच्या घरात. माझ्या मुलीच्या दप्तराचं आणि आत्याच्या फराळाच्या डब्यांचं मिळून तेवढं होतं. हवं तर पूर्ण मापाचं देऊ नका, बारीक तात्पुरतं चाक द्या. ताशी ८० च्या आत चालवा असं त्यावर लिहिलेलं असतं. ताम्हिणीत ताशी ८० ने कोण जातंय? तुमच्यातल्याच काही जणांच्या गाड्यांत ते आजही असतं, म्हणजे करता येतं.

दुसरं उत्तर, परदेशात कुठे स्टेपनी असते. परदेशातल्या रस्त्यांचं मला माहीत नाही असं नाही, माझा भाऊ तिकडेच असतो. तिकडच्या रस्त्याची कड शाबूत असते. तिकडून गाडी आणताना नियम आणलात तर रस्ताही आणा, एवढंच म्हणेन. काही महागड्या गाड्यांना हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर असतात. ते तरी कुठे दिलेत?

तिसरं उत्तर एका तरुण मॅनेजरने दिलं, आणि त्याच्या मते ते बिनतोड होतं. "मॅडम, आजकाल लोकांना, विशेषतः लेडीज ड्रायव्हर्सना, चाक बदलता येतच नाही." मला येतं. बाबांनी लायसन्सआधी शिकवलं. पण समजा नसतं आलं, तरी टेम्पोवाल्याला येत होतं, चिंचवडच्या काकांना येत होतं, विळ्याच्या पोरांना येत होतं. मला पोहता येत नाही म्हणून होडीतला फुगा काढून घ्यायचा का?

आता काय करा ते सांगते. गाडी बुक करताना गिऱ्हाइकाला सरळ विचारा, स्टेपनी हवी की नको. ज्यांना डिकी मोठी हवी ते नको म्हणतील, शहराबाहेर न जाणारेही म्हणतील. त्यांची गाडी, त्यांचा निर्णय. ज्यांना हवी त्यांना ती गाडीच्या तळात, तिच्या जागेत, जॅक-पान्यासकट द्या. वरून वेगळी 'ॲक्सेसरी' म्हणून विकून डिकीत दोरीने बांधायला लावू नका. जाहिरातपत्रकात सनरूफ ज्या अक्षरात छापता त्याच अक्षरात "या गाडीत स्टेपनी नाही" हेही छापा. आणि गाडी ताब्यात देताना हार घालून फोटो काढता, केक कापता, त्याऐवजी ते किट उघडून दाखवा आणि त्याने काय दुरुस्त होत नाही ते तोंडाने सांगा.

रोडसाइड असिस्टन्सबद्दलही एक सूचना आहे. प्रत्येक वेळी अख्खी गाडी उचलून नेण्यापेक्षा चाक घेऊन या. तुमची मॉडेल्स मोजकी, त्यांच्या चाकांची मापंही मोजकी. सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईची निम्मी माणसं कोकणात उतरतात, हे तुम्हाला गाड्या विकताना बरोबर ठाऊक असतं. तर माणगाव, महाड, चिपळूण अशा ठिकाणी एखाद्या गॅरेजवाल्याकडे त्या त्या मापाचं एकेक तयार चाक ठेवा. अनामत घ्या, भाडं घ्या, परत आणून द्यायला सांगा. मोटारसायकलवरून ते घाटात कसं पोचवायचं हे तिथल्या पोरांना शिकवावं लागणार नाही. आणि तो ओटीपी बंद करा. फाटक्या टायरची गाडी घाटात उभी आहे असं खोटं सांगून कोणी तुमची फुकटची गाडी पळवणार नाही.

नियमकर्त्यांनाही सांगायचं आहे. हवा दाखवणारी यंत्रणा आणि चिकट द्रवाची बाटली, या दोन्ही मिळून स्टेपनीचं काम करतात असं तुमच्या दुरुस्तीने धरलं. त्यातली एक हवा गेल्याचं सांगते आणि दुसरी लहान भोक बुजवते. बगल फाटली तर पुढे काय, याचं उत्तर दोन्हींत नाही. सवलत ठेवायची तर ठेवा, पण तिला आणखी अट घाला: स्टेपनी नसलेल्या गाडीच्या मालकाला अमुक इतक्या तासांत चालतं चाक जागेवर मिळालं पाहिजे, आणि नाही मिळालं तर माणसं घरी पोचवण्याचा खर्च कंपनीचा. उचलणाऱ्या गाडीत दोघांचीच जागा असते, हे लक्षात ठेवून अट लिहा.

तोपर्यंत मी माझ्यापुरती सोय केली आहे. पुण्यातल्या टायर बाजारातून माझ्या मापाची साधी लोखंडी रिम, तिच्यावर टायर, एक जॅक आणि पाना घेतला. तळाच्या साच्यात ते चाक जात नाही, म्हणून डिकीत पट्ट्याने आवळून ठेवलं आहे. सर्व्हिसिंगला गाडी नेली तेव्हा तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, हे असं सुटं ठेवू नका, जोरात ब्रेक मारला तर पुढे येईल." बरोबर आहे त्याचं. म्हणून तर जागा तुम्ही करून द्यायची. आत्या पुढच्या थंडीत परत येणार आहे, काकूंना पाच पानांचं आधीच सांगून ठेवलंय. चाक, टायर, जॅक आणि पाना यांचं बिल तुमच्या ग्राहक कक्षाला वेगळं पाठवलं आहे. ते लिहून घेऊ नये, चुकतं करावं.

कळावे,
एक गिऱ्हाईक, पुणे